पेटीतली वीज आणि तिची गळती

कसालहून मालवणला येताना वाटेत कट्टा लागतो. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत इथल्या बाजारातून मुंबईच्या नंबरच्या गाड्यांची रांग सरकत असते. आमचे एक शेजारी मात्र कोकण रेल्वेने येतात, कारण त्यांची गाडी गावीच असते. पेट्रोलवरची जुनी गाडी आहे. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, ती मांगरातून बाहेर निघते आणि चाकरमानी परत गेले की पुन्हा आत जाते.

काही वर्षांपूर्वीच्या गणपतीत या गाडीने त्यांना फार छळले. बॅटरी उतरलेली असणार हे धरूनच चाललेले होते. ती चार्ज करून आणली, गाडी सुरू झाली, दिवसभर बाजारहाटही झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर नुसते ‘टक्’. पोरांनी धक्का मारला तेव्हा कुठे गाडी निघाली. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवून व्होल्टमीटर लावला, चार्जिंग येत असल्याची खात्री केली आणि निकाल दिला, “बॅटरी गेली. नवीन घालूक व्हयी.” नवी बॅटरी आली. एका रात्रीत तीही उतरली. त्यातच गौरीच्या आदल्या रात्री शेजाऱ्यांच्या आईंना दम लागला. अंगणात नव्या बॅटरीची गाडी उभी असताना त्यांना रिक्षा शोधून मालवणला न्यावे लागले. आई बऱ्या झाल्या, पण त्या रात्रीपासून शेजाऱ्यांचा गाडीवरचा विश्वास उडाला.

नंतर त्यांनी आपल्यापुरता एक उपाय काढला. रात्री पाना घेऊन जायचे, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून ठेवायची आणि सकाळी पुन्हा आवळायची. अशी सोडलेली बॅटरी सकाळी एका चावीला गाडी सुरू करी. हे सांगताना ते जरा ओशाळले होते. मास्तरांपुढे जुगाड कसा सांगायचा! पण या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग नेमका तोच होता. वेगळी ठेवलेली बॅटरी टिकते आणि गाडीला जोडलेली उतरते, याचा अर्थ गळती बॅटरीच्या आत नाही, बाहेर आहे.

आत की बाहेर? प्रश्न आज साधा वाटतो. तो असा वेगळा करून विचारता यायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला, आणि दोन्ही अंगांची उत्तरे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी शोधली. त्यातल्या एकाची नोकरी तर मुंबईतच सुरू झाली होती.

घटाच्या आत

व्होल्टाने १८०० साली जस्त व चांदीच्या चकत्यांची चळत रचून पहिला विद्युतघट केला, हे आपण मुलांना शिकवतोच. या घटांची एक खोड लवकरच लक्षात आली. त्यांच्याकडून काही काम करून घेतले नाही, तारा मोकळ्या ठेवल्या, तरी आम्लात बुडालेले जस्त विरघळतच राही. वीज न वापरताही घट संपत असे. १८३० च्या सुमारास जिनिव्हाच्या ओग्युस्त द ला रीव्ह यांनी याचे कारण सांगितले. बाजारी जस्त शुद्ध नसते. त्यात इतर धातूंचे कण असतात. असा प्रत्येक कण, त्याच्या भोवतालचे जस्त आणि वरचे आम्ल मिळून एक अतिसूक्ष्म घट तयार होतो. त्याची दोन्ही टोके एकाच पत्र्यात जोडलेली असल्यामुळे तो अखंड चालू राहतो. या प्रकाराला पुढे ‘स्थानिक क्रिया’ असे नाव पडले. त्याच वर्षी इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने जस्ताला पारा चोळून ही क्रिया पुष्कळ कमी करून दाखवली. (पाऱ्याचा प्रयोग वर्गात करू नये. बाजारी जस्ताचा तुकडा सौम्य गंधकाम्लात टाकून उठणारे बुडबुडे दाखवले तरी मुद्दा पोचतो.)

हे झाले एकदाच वापरायच्या घटांचे. पुन्हा भरता येणारा, म्हणजे आपल्या मोटारीतला शिशाचा घट आला १८५९ साली. फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने शिशाचे दोन लांब पत्रे एकमेकांना चिकटू न देता गुंडाळले व सौम्य गंधकाम्लात ठेवून त्यातून वीज सोडली. एका पत्र्यावर तपकिरी शिसे-पेरॉक्साइड जमले, दुसरा शुद्ध शिशाचा राहिला. वीज बंद करून पत्रे तारेने जोडले की उलट दिशेने विद्युतधारा वाहू लागे. पण पत्र्यावर पुरेसा कामाचा थर बसायला वेळ फार लागे. भरायचे, रिकामे करायचे, काही दिवस नुसते ठेवून द्यायचे, दिशा बदलून पुन्हा भरायचे, असे महिनोन्‌महिने चाले. मधली विश्रांती का लागते ते कोणाला सांगता येत नव्हते. ती दिली की पत्रा सुधारतो, एवढे अनुभवाने ठाऊक होते.

१८८१ मध्ये कामिय फोर यांनी हा वेळ वाचवला. त्यांनी शेंदूर, म्हणजे शिशाचेच तांबडे ऑक्साइड, आम्लात कालवून पत्र्यावर थापले. त्याच वर्षी मे महिन्यात अशा भरलेल्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्याकडे गेली. प्रवास सुमारे ७२ तासांचा होता. पेटी पोचली तेव्हा तिच्यात सुमारे दहा लाख फूट-पौंड एवढी ऊर्जा शिल्लक होती. टॉमसनना इतका आनंद झाला की त्यांनी या ‘विजेच्या पेटी’ची हकिकत लंडनच्या ‘टाइम्स’ला कळवली.

हा आकडा मुलांकडून आजच्या एककात आणून घ्यावा. दहा लाख फूट-पौंड म्हणजे सुमारे साडेतेरा लाख जूल, किंवा जवळजवळ ३७७ वॅट-तास. बारा व्होल्टच्या हिशेबाने ही सुमारे ३१ ॲम्पिअर-तासांची बॅटरी झाली. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीतली बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची आहे. टॉमसनना ज्या पेटीने मोहून टाकले, जवळपास तेवढीच वीज आपण बॉनेटखाली घेऊन फिरतो आणि ती संपली की चिडतो. तेवढीच ऊर्जा जेमतेम मूठभर दगडी कोळशातही असते. तरी टॉमसनचा आनंद अनाठायी नव्हता. तीन दिवसांच्या प्रवासात पेटीतली वीज गळून गेली नाही, हीच तर बातमी होती.

ती का गळली नाही, आणि थोडी का गळतेच, याचा उलगडा पुढच्याच वर्षी झाला. १८८२ मध्ये जॉन हॉल ग्लॅडस्टन आणि आल्फ्रेड ट्राइब या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये या घटांवर लेखमाला लिहिली. तिचा पहिलाच लेख स्थानिक क्रियेवर होता. शिशाच्या पत्र्यावर पेरॉक्साइडचा थर आहे आणि भोवती आम्ल आहे. म्हणजे द ला रीव्ह यांच्या जस्तासारखीच स्थिती आली. पत्रा आणि थर मिळून स्वतःच एक जोडलेला घट होतो. तो चालू झाला की दोन्हींचे लेड सल्फेट होऊ लागते. मग सगळा थर क्षणात का संपत नाही? कारण तयार होणारे सल्फेट विरघळत नाही. ते दोहोंच्या मध्ये पडद्यासारखे बसते आणि क्रिया मंदावते. प्लांतेच्या विश्रांतीचे कोडेही यातून सुटले. विश्रांतीच्या काळात आतले थोडे शिसे सल्फेटात बदलते आणि पुढच्या वेळी भरताना त्याचे पेरॉक्साइड होते, म्हणून थर जाड होत जातो. जी गळती नकोशी होती, तीच इतके दिवस पत्रा घडवत होती! मला हा शोध शिशाच्या घटाच्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पाठ्यपुस्तकांत याला कुठेच जागा नसते, याचे वाईटही वाटते.

ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. घट रिकामा होताना दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट होते आणि त्यासाठी आम्ल खर्ची पडते. म्हणून द्रवाची घनता मोजली की घट किती भरलेला आहे ते कळते. मेस्त्रीकडची रबरी फुग्याची काचनळी म्हणजे हायड्रोमीटर याच पायावर चालते. पूर्ण भरलेल्या घटात सापेक्ष घनता १.२५ ते १.२८ असते. उतरलेल्यात ती १.१५ च्या खाली जाते.

घटाच्या आतल्या गळतीला पुढे एक नवे कारण माणसानेच जोडले. शुद्ध शिसे फार मऊ. त्याच्या जाळ्या वाकत. १८८१ मध्ये सेलनने शिशात अँटिमनी मिसळून ती कडक केली. सोय झाली, पण अँटिमनी धन पत्र्याच्या जाळीतून हळूहळू सुटून ऋण पत्र्यावर जाऊन बसतो, तिथे हायड्रोजन सुटणे सोपे करतो आणि घट उभ्या उभ्या उतरतो. बॅटरीत दर महिन्याला ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागे ते बरेचसे यामुळेच. कोकणच्या उकाड्यात अशी जुन्या पद्धतीची बॅटरी महिन्याभरात पाव हिस्सा किंवा जास्तही गमावते. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत हॅरिंग आणि थॉमस यांनी अँटिमनीऐवजी अगदी अल्प कॅल्शियम वापरले. टेलिफोन केंद्रातल्या बॅटऱ्या वर्षानुवर्षे भरलेल्या व तयार ठेवाव्या लागत, म्हणून गळतीची फिकीर आधी त्यांना होती. मोटारींत ही मिश्रधातू १९७० नंतर रुळली. आजची पाणी न लागणारी बॅटरी महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपासच उतरते.

या इतिहासातून आमच्या कामाची गोष्ट एवढीच, की आतल्या गळतीने धडधाकट बॅटरी एका रात्रीत रिकामी होत नाही. अपवाद एकच. पत्र्यांवरचा माल झडून तळाशी साचला आणि एखाद्या कप्प्यात पत्रे आपसांत जोडले गेले, तर तो कप्पा झपाट्याने उतरतो. पण मग सहांपैकी एकाच कप्प्याची घनता कमी दिसते. शेजाऱ्यांची जुनी बॅटरी मेस्त्रींनी अजून मोडीत घातली नव्हती. ती मागून आणली, चार्ज केली, चार दिवस बाकावर ठेवली आणि सहाही बुचे उघडून पाहिले. सहाही कप्पे सारखे, १.२५ च्या आसपास. बिचारीचा काही दोष नव्हता.

तारेतली गळती

आता बाहेरची गळती. ती शोधायची रीत मोटारीच्या कितीतरी आधीची आहे आणि ती तारायंत्राच्या लोकांची आहे.

१८५५ मध्ये हिंदुस्थानात तारायंत्र लोकांसाठी खुले झाले. खांबांवरून एकच तार जाई. परतीचा मार्ग म्हणजे जमीन. हा सोपा, स्वस्त मार्ग जर्मनीच्या स्टाइनहाइलने १८३८ मध्ये दाखवला होता. पण त्यात एक अडचण दडलेली आहे. तार वाटेत कुठेही जमिनीला टेकली, ओल्या झाडाला लागली किंवा खांबावरचा चिनी मातीचा आधार पावसात मळून भिजला, की तिथून वीज जमिनीत जाते. शेकडो मैलांच्या तारेत हे ठिकाण शोधायचे कसे? प्रत्येक खांबावर माणूस चढवणे शक्य नव्हते.

विल्यम एडवर्ड आयर्टन हा २१ वर्षांचा तरुण १८६८ साली तार खात्यातल्या नोकरीवर मुंबईत दाखल झाला. त्याआधी खात्याने त्याला शिकायला ग्लासगोला पाठवले होते आणि त्याचे गुरू होते तेच विल्यम टॉमसन. आयर्टनने लुई श्वेंडलर यांच्याबरोबर तारेतला दोष एका टोकाला बसून, मोजमापाने हुडकण्याची पद्धत बसवली आणि ती जमिनीवरच्या लांब तारांना फार उपयोगी पडली. तपशिलात बरेच गणित आहे, पण गाभा कोणालाही समजेल असा आहे. पलीकडचे टोक मोकळे सोडले तर तारेत धारा वाहायला नको. तरी वाहते का, आणि किती, हे मापकाने पाहायचे. मग तारेचा एक भाग तोडून वेगळा करायचा आणि पुन्हा पाहायचे. धारा तशीच राहिली तर गळती उरलेल्या भागात आहे. थांबली तर तोडलेल्या भागात.

गाडीतली गळती आपण अशीच शोधतो. साम्य वरवरचे नाही. मोटारीतही प्रत्येक दिव्याला एकच तार जाते आणि परतीचा मार्ग म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. आपला मेस्त्री त्या अंगाला आजही ‘अर्थ’ म्हणतो. तारायंत्राची जमीन अशी मोटारीच्या पत्र्यात येऊन बसली आहे.

आयर्टन पुढे जपानला गेला, तिथे त्याला जॉन पेरी हा सहकारी मिळाला आणि दोघे लंडनला परतले. १८८१ च्या पॅरिस परिषदेने विद्युतधारेच्या एककाला ॲम्पिअर हे नाव दिले. त्या सुमारास या दोघांनी थेट ॲम्पिअरमध्ये वाचता येणारे, हातात धरून नेता येणारे मापक केले. ‘ॲमीटर’ हा शब्दही त्यांचाच. त्यापूर्वीचा गॅल्व्हानोमीटर म्हणजे हलता न येणारे, समतल टेबल मागणारे उपकरण होते. लगेचच, १८८२ च्या सुमारास, याच जोडीने शिशाच्या घटांवर चालणारी तीनचाकी गाडी लंडनमध्ये चालवली. तिला विजेचे दिवे होते. (आयर्टनची दुसरी पत्नी हर्था हीदेखील नामवंत संशोधक होती. १८९९ साली इंग्लंडच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने सभासद करून घेतलेली ती पहिली स्त्री. तिच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.)

एकेरी दरवाजा

विजेच्या गाड्या मागे पडून पेट्रोलच्या पुढे आल्या, तेव्हा बॅटरीचे काम ठिणगी आणि दिवे एवढेच उरले. इंजिन सुरू करायला समोर हँडल मारावे लागे. ते उलट फिरले की मनगटे मोडत. अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडायला मोटरने क्षणभर जोर लावला की पुरते. दिवसभर चालेल अशी दणकट मोटर लागत नाही, हे त्याला तिथे उमगले होते. तोच विचार त्याने इंजिनाला लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या हँडलशिवाय सुरू होऊ लागल्या.

त्या गाडीत एकच यंत्र दोन कामे करी. सुरुवातीला ते बॅटरीची वीज घेऊन इंजिन फिरवी. इंजिन चालू झाले की तेच यंत्र जनित्र होऊन बॅटरी भरी. जनित्राला वीज दिली की ते मोटर होते, हे १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ग्रामच्या यंत्राने जगाला दाखवले होतेच. पण त्यात धोकाही आहे. इंजिन थांबले, जनित्राचा दाब बॅटरीपेक्षा कमी झाला, की बॅटरी उलट जनित्रातच रिकामी होऊ लागते. जिथून भरायचे तीच वाट गळतीची. म्हणून मध्ये एकेरी दरवाजा हवा.

डायनामोच्या काळात हा दरवाजा म्हणजे ‘कटआउट’. ही विद्युतचुंबकाने मिटणारी एक पत्ती असे. डायनामोचा दाब वाढला की ती चिकटे, आणि धारा उलट फिरली की सुटे. आपल्याकडच्या जुन्या फियाट आणि ॲम्बॅसडर गाड्यांत तिची छोटी डबी असे. पत्तीची टोके जळून चिकटली की बॅटरी रात्रीत साफ. साठी-सत्तरीच्या दशकातल्या मेस्त्रींना हा दोष तोंडपाठ होता.

१९६० नंतर स्वस्त व टिकाऊ सिलिकॉन डायोड आले आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. त्यातली वीज प्रत्यावर्ती असते. ती एका दिशेची करायला सहा मुख्य डायोड लागतात आणि तेच डायोड बॅटरीची वीज उलट जाऊ देत नाहीत. वेगळा कटआउट लागेनासा झाला. दरवाजा अल्टरनेटरच्या आत गेला, आणि त्याबरोबर मेस्त्रीच्या नजरेआडही गेला.

पुन्हा कट्ट्यात

गौरी-गणपती विसर्जन झाल्यावर अकरावीची तीन मुले, एक मल्टिमीटर आणि एक वही एवढी सामग्री घेऊन आम्ही गाडीपाशी गेलो. शिक्षकांनी हे करताना पुढील काळजी घ्यावी. मापक बॅटरीच्या दोन टोकांना लावायचा नाही, ऋण तार सोडून ती आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडायचा. दहा ॲम्पिअरच्या खाचेपासून सुरुवात करायची. मापक जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. हातातली अंगठी-कडे काढून ठेवायचे. दारे बंद ठेवायची, नाहीतर आतला दिवा मोजून आपण फसतो.

बॅटरीचा वरचा भाग आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घेतला. समुद्राकडची खारी, दमट हवा आणि आम्लाची वाफ यांचा थर दोन टोकांमध्ये साचतो आणि त्यातूनही थोडी वीज झिरपते. व्होल्टमीटरची एक तार नुसती झाकणावर टेकवली तरी काटा हलतो. हे मुलांना गंमत म्हणून दाखवण्यासारखे आहे, पण अशी गळती किरकोळ असते.

मापकाने दाखवले २.९३ ॲम्पिअर. गाडी बंद, चावी माझ्या खिशात. रात्रीचे दहा तास धरले तर सुमारे २९ ॲम्पिअर-तास गेले. बॅटरी ३५ ची. गाडी सकाळी का उठत नव्हती ते वहीतच दिसले. डिकीचा पाच वॅटचा दिवा चालू राहतो, असा शेजाऱ्यांचा संशय होता. तो असता तर ०.४ ॲम्पिअरच्या आसपास आकडा आला असता आणि बॅटरीला दोन रात्री तरी काही झाले नसते.

मग आयर्टनची रीत सुरू झाली. फ्यूज एकेक काढायचा, आकडा पाहायचा, परत बसवायचा. घड्याळ आणि रेडिओचा फ्यूज काढल्यावर २.९३ चे २.९० झाले. आमच्यातल्या मुलीने तो फरक टिपला. बाकी फ्यूजना काहीच झाले नाही. शेवटी सगळेच काढून ठेवले तरी मापक २.९० वर ठाम. मुले गोंधळली. फ्यूजमधून न जाणारी वाट असू शकते, हे त्यांना सुचले नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही लगेच सुचले नाही.

फ्यूज परत बसवून आम्ही चहाला बसलो, एवढ्यात अंधारून आले. गाडीत डोकावलेला मुलगा ओरडला, “सर, लाल दिवा!” काचेखालचा बॅटरीच्या चित्राचा दिवा अगदी मंद, निखाऱ्यासारखा लागलेला होता. तो दिवसा कोणाला दिसलाच नसता. मी अल्टरनेटरवर हात ठेवला. इंजिन सकाळपासून बंद होते, तरी अल्टरनेटर कोमट होता. तीन ॲम्पिअर गुणिले बारा व्होल्ट म्हणजे ३६ वॅट कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडणारच.

बॅटरी पूर्ण सोडली, अल्टरनेटरची जाड तार काढून तिचे टोक कापडात गुंडाळले आणि मापक पुन्हा जोडला. आकडा आला ०.०३. तो घड्याळ आणि रेडिओचा होता.

अल्टरनेटर कुडाळला उघडून घेतला. बॅटरीकडच्या बाजूच्या तीन डायोडपैकी एकातून दोन्ही दिशांनी वीज जात होती. त्या एकेरी दरवाजाची कडीच तुटली होती. तिथून आत शिरलेली धारा, क्षेत्र-वेटोळ्याला वीज पुरवणाऱ्या छोट्या डायोडमधून त्या वेटोळ्यात जाई आणि रात्रभर ते तापवत बसे. इंजिन चालू असताना उरलेले डायोड बॅटरी थोडीफार भरतच, त्यामुळे मेस्त्रींना चार्जिंग येताना दिसले होते. त्यांनी जे तपासले ते बरोबरच तपासले होते. बंद गाडी मात्र तपासली नव्हती. त्यांना हे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग हसले, “म्हणजे कटआउटच चिकटलो म्हणा ना!”

डायोडची पट्टी बदलली. शेजाऱ्यांनी दोन रात्री तार न सोडता काढल्या आणि दोन्ही सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. मुंबईला निघण्याच्या दिवशी त्यांनी मुलांना एक हिशेब विचारला, तो असा. ०.०३ ॲम्पिअर म्हणजे दिवसाला ०.७२ ॲम्पिअर-तास. निम्मी बॅटरी गेली की जुन्या इंजिनाचा भरवसा नाही, म्हणजे हाताशी साडेसतरा ॲम्पिअर-तास. भागाकार आला २४ दिवस. गणपती ते शिमगा सहा महिने. शेजारी उठले, पाना आणला आणि ऋण तार सोडून ठेवली.